ऐन खुड्यात परदेशात: फोन चालू ठेवण्याची खटपट

फेब्रुवारीत द्राक्षवाल्यानं गाव सोडू नये, असं आमच्याकडे म्हणतात. मालात शुगर भरलेली, खुडा म्हणजे द्राक्षांची तोडणी सुरू, मजुरांच्या टोळ्या बागेत, आणि पॅकहाउसवरून दिवसभर फोन. पण बर्लिनचं फळांचं मोठं प्रदर्शन, फ्रूट लॉजिस्टिका, भरतं ते नेमकं फेब्रुवारीतच. आमच्या निफाडकडच्या शेतकरी गटातून मी आणि नाना, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ, असे दोघं जायचं ठरलं. आधी विमानानं अ‍ॅमस्टरडॅम, तिथून रॉटरडॅम, कारण आपली युरोपात जाणारी बहुतेक द्राक्षं त्याच बंदरात उतरतात, आणि मग रेल्वेनं बर्लिन. हे घरी राहणार होते, खुडा कुणीतरी बघायलाच हवा.

अडचण एकच होती. घरचा सगळा पैशाचा व्यवहार माझ्या फोनवर आहे. टोळीच्या मुकादमाचे पैसे, क्रेटचं भाडं, पनेटची म्हणजे द्राक्षं भरायच्या छोट्या डब्यांची बिलं, टेम्पोवाला, सगळं. बँकेचा ओटीपी माझ्या नंबरावर येतो, यूपीआय माझ्याच सिमला बांधलेलं. नातेवाईक मात्र विचारत होते, ‘तिकडे नेट मिळेल का?’ अहो, नेट कुठेही विकत मिळतं. आपला नंबर तिकडे जिवंत ठेवणं हेच खरं काम आहे, आणि त्यातच माझे जाण्याआधीचे दिवस गेले.

पहिली फेरी नाशकात, मोबाइल कंपनीच्या शोरूममध्ये. कंपनीचं नाव घेत नाही. काउंटरवरचा मुलगा गोड बोलणारा, पण त्याच्याकडे एकच उत्तर: सगळ्यात मोठा इंटरनॅशनल पॅक घ्या, नाहीतर एसएमएससुद्धा येणार नाही. नानांनी लगेच खिशात हात घातला. मी थांबवलं. घरी येऊन कंपनीच्या ॲपवरच्या चॅटमध्ये तोच प्रश्न लिहून विचारला, तर लेखी उत्तर आलं की इंटरनॅशनल रोमिंगची सेवा चालू असेल आणि इथला नेहमीचा रिचार्ज संपलेला नसेल, तर येणारा एसएमएस फुकट. तो स्क्रीनशॉट मी ठेवून दिला. म्हणून माझा पहिला सल्ला, असे प्रश्न तोंडी विचारू नका, लिहून विचारा. प्रत्येक कंपनीचं आणि प्रत्येक प्लॅनचं वेगळं असतं, आणि काउंटरवरच्या माणसाला पॅक विकायचा असतो.

इथे दोन वेगळी बटणं आहेत हे नीट समजून घ्यावं लागतं. रोमिंगची सेवा कंपनीकडून चालू करायची. ती असेल तरच आपलं सिम परदेशी टॉवर पकडतं आणि ओटीपी येतो. ‘डेटा रोमिंग’ हे फोनच्या सेटिंगमधलं बटण. ते आपल्या सिमसाठी बंदच ठेवायचं, नाहीतर व्हॉट्सॲपवरचे गटातले सुप्रभातचे फोटोसुद्धा रोमिंगच्या दरानं उतरतात. याच्या जोडीला आणखी एक छुपी गोष्ट आहे. दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमचं नेट कमकुवत झालं की आपोआप दुसऱ्या सिमचं घ्यायची सोय असते. नावं फोनगणिक वेगळी, पण ‘ऑटो डेटा स्विचिंग’ असं काहीसं शोधलं की सापडतं. ते बंद केलं.

तिकडच्या नेटसाठी दुसरं सिम कुठलं घ्यायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. माझा फोन ई-सिमवाला, म्हणजे कार्ड न घालता त्यात सिम उतरवून घेता येतं. *#०६# डायल केलं की आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाबरोबर ‘ईआयडी’ नावाचा लांबलचक नंबर दिसला तर फोन ई-सिम घेतो, नाही दिसला तर नाही. परदेशी ई-सिम विकणारी दोन नावाजलेली ॲप्स जानेवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशानं इथल्या ॲप स्टोअरवरून निघाली, तेव्हा भाच्यानं सुचवलेला रस्ता बंद. मी परवानगी असलेल्या इथल्याच एका विक्रेत्याकडून घेतलं. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मागितली, ती दिली. क्यूआर कोड आला, तो घरच्या वायफायवर स्कॅन करून ठेवला. हे काम निघायच्या आधी घरी करायचं, कारण ई-सिम उतरवायलाच इंटरनेट लागतं, आणि विमानतळावर पोचल्यावर तेच तर नसतं.

आपलं सिम फोनमधून काढायचं नाही, यावर मी अडून बसले त्याचं कारण यूपीआय. ते ॲप सुरू करताना आपल्याच फोनमधून आपल्याच सिमवरून एक एसएमएस जातो आणि तेव्हा ती गाठ बसते. सिम काढलं, बदललं, की पुन्हा पडताळणी मागतं, आणि परदेशातून ती करायची म्हणजे नसती कटकट. ई-सिमचा खरा फायदा हाच की आपलं कार्ड जागचं हलत नाही.

नानांचा फोन जुना, ई-सिम नाही. सिमच्या ट्रेमध्ये दोन खाचा, पण दुसरी खाच सिम किंवा मेमरी कार्ड यांपैकी एकालाच. तिथे मेमरी कार्ड होतं आणि त्यावर त्यांची सगळी भजनं. ती फोनमध्ये कॉपी करून कार्ड काढायचं, हे त्यांना पटवायला एक अख्खी संध्याकाळ लागली. त्यांच्यासाठी तिकडेच सिम घ्यायचं ठरलं, आणि इथे आमचा मार्ग कामी आला. जर्मनीत १ जुलै २०१७ पासून प्रीपेड सिम घ्यायला ओळखपत्राची पडताळणी लागते, बऱ्याचदा व्हिडिओ कॉलवर. नेदरलँड्समध्ये तशी नोंदणी नाही, दुकानातून पाकीट उचलायचं, पैसे द्यायचे, झालं. आणि १५ जून २०१७ पासून युरोपीय संघाच्या एका देशाचं सिम बाकीच्या देशांतही त्याच्या मूळ देशातल्या दरानंच चालतं. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमला घेतलेलं बर्लिनला चालणार. स्वित्झर्लंड त्या संघात नाही, ब्रिटनही आता नाही. तिकडे जाणाऱ्यांनी पाकिटावरची देशांची यादी वाचावी. बाहेरच्या देशात किती जीबी, हेही काही पाकिटांवर वेगळं लिहिलेलं असतं.

आता सासऱ्यांचा प्रश्न. आमचे अण्णा बटणाचा फोन वापरतात आणि व्हॉट्सॲप कॉलला हात लावत नाहीत. त्यांना माझ्याशी बोलायचं असतं ते साध्या कॉलवर, तेही बाग सोडून भलत्याच विषयावर. रोमिंगवर आलेला कॉल उचलला की मिनिटाचे पैसे आपले. म्हणून ठरलं की अण्णा मिस्ड कॉल देतील आणि मी ह्यांच्या फोनवर व्हॉट्सॲप कॉल करेन. ही आपल्याकडची जुनी सोय, फक्त एक खोच आहे. फोनवर कॉल फॉरवर्डिंग चालू असेल, म्हणजे न उचललेला कॉल व्हॉइसमेलला किंवा दुसऱ्या नंबरावर जात असेल, तर तो परदेशातून फिरून जातो आणि न उचलताही पैसे लागू शकतात. निघायच्या आधी ##००२# डायल केलं, सगळं फॉरवर्डिंग रद्द.

किरकोळ कामं भराभर उरकली. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू केले; रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डांवर ते मुळात बंदच असतात. नेहमीचा रिचार्ज प्रवासाच्या मधेच संपत होता, तो आधीच मारला. बँकेचा १८०० वाला नंबर बाहेरून सहसा लागत नाही, म्हणून परदेशातून लावायचा वेगळा नंबर बँकेच्या साइटवरून उतरवून घेतला. आणि फोनमधले कामाचे सगळे नंबर +९१ लावून सेव्ह केले. पॅकहाउसचा लँडलाइन ०२५३ नं सुरू होतो, त्यातलं शून्य काढून +९१ २५३.

कसारा घाट उतरून मुंबई, तिथून थेट विमान. विमानात फोन फ्लाइट मोडवर ठेवा असं सांगतात ते फक्त सुरक्षेसाठी नव्हे. लांब पल्ल्याच्या बऱ्याच विमानांत आकाशातलं एक स्वतंत्र मोबाइल नेटवर्क असतं, फोन तसाच राहिला आणि रोमिंग चालू असलं तर तो तेही पकडतो, आणि त्याचे दर जमिनीवरच्या पॅकमध्ये बहुधा बसत नाहीत. नानांचा फोन मी स्वतः फ्लाइट मोडवर टाकला.

अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर माझं ई-सिम चालू केल्याबरोबर नेट आलं. भारतीय सिमनंही एक स्थानिक टॉवर पकडला आणि स्वागताचा एसएमएस आला. तो आला की समजायचं, ओटीपीही येईल. मग नानांचं सिम. दुकानातून पाकीट घेतलं, आणि तिथल्याच एका बाकावर बसून मी कानातल्याच्या तारेनं ट्रे उघडला, कारण सिमची पिन बॅगेत खाली गेली होती. सिम आत गेलं, फोन चालू झाला आणि समोर चार आकड्यांचा पिन मागू लागला. आपल्याकडच्या सिमला असं कुणी लावत नाही. मी रसीद पर्समध्ये ठेवते आहे तोवर नानांनी आपल्या एटीएमचा पिन टाकलाही. चुकला. मग आणखी एकदा तोच, जरा जोर देऊन.

‘नाना, हात काढा!’ मी जवळजवळ ओरडलेच. तीनदा चुकलं की सिम लॉक होतं आणि मग ते उघडायला पीयूके नावाचा आठ आकडी कोड लागतो. पिन कुठे असतो? ज्या प्लास्टिकच्या चौकटीतून सिम मोडून काढतो, तिच्यावर छापलेला. आणि ती चौकट नानांनी, स्वच्छ माणूस तो, शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. दोन कॉफीचे कप आणि कुणाचा तरी सँडविचचा कागद बाजूला करून मी ती काढली. तिसऱ्या प्रयत्नाला सिम उघडलं. नाना म्हणाले, ‘फुकटचं सिम नाही, मग कुलूप कशाला?’ मी सेटिंगमध्ये जाऊन ते पिनचं कुलूपच काढून टाकलं, नाहीतर प्रत्येक वेळी फोन चालू करताना हेच नाटक झालं असतं.

व्हॉट्सॲपनं मला नंबर बदलायचा का असं विचारलं. नाही म्हटलं. जुन्याच नंबरावर चालू राहिलं.

खरी कसोटी रॉटरडॅमच्या हॉटेलात लागली. बर्लिनच्या रेल्वेचं तिकीट जर्मन रेल्वेच्या ॲपवर काढत होते. कार्डाचा नंबर टाकला, बँकेचं पान उघडलं, ओटीपी पाठवला म्हणालं, आणि ओटीपी काही येईना. पानावरचं घड्याळ उलटं पळतंय. वेळ संपल्यावर एसएमएस आला, निवांत. पुन्हा केलं, पुन्हा तेच. रोमिंगवर एसएमएस दोन कंपन्यांच्या यंत्रणेतून फिरून येतो, त्यामुळे कधी क्षणात येतो, कधी रेंगाळतो. मग फोन काही सेकंद फ्लाइट मोडवर टाकून परत चालू केला, भारतीय सिमनं नव्यानं टॉवर पकडला आणि पुढचा ओटीपी वेळेत आला. याहून पक्का उपाय मला नंतर कळला: काही बँका ओटीपी ईमेलवरही पाठवतात किंवा ॲपमध्येच मंजुरी घेतात. तुमची बँक तसं करत असेल तर ते निघण्याआधी चालू करून घ्या, ईमेल तर कुठल्याही नेटवर येतो.

यूपीआयनं तिथल्या दुकानात पैसे देता येतील ही आशा नव्हतीच. फ्रान्समध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांपासून २०२४ साली ते सुरू झालं, आम्हाला मात्र रॉटरडॅम-बर्लिनला कुठे दिसलं नाही. पण इथल्या माणसांना पैसे पाठवायला ते उत्तम चाललं. मुकादमाला आठवड्याची उचल मी बर्लिनच्या प्रदर्शनाच्या हॉलमधून टाकली, बाजूला पेरू देशाचे लोक द्राक्षं चाखायला देत होते. त्याला कळलंही नाही मी कुठे आहे, आणि सांगायची गरजही नव्हती.

वेळेचा फरक मात्र कुठल्याही सेटिंगनं मिटत नाही. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. पॅकहाउस सकाळी सातला सुरू होतं तेव्हा तिथे रात्रीचे अडीच. पहिल्या रात्री सुपरवायझरचा फोन आला, पनेटचं लेबल संपलंय म्हणून. दुसऱ्या दिवसापासून डू नॉट डिस्टर्ब लावलं, फक्त ह्यांचा नंबर सोडून. लेबलं त्यांनी बघितली, आणि काही बिघडलं नाही. अण्णांचे मिस्ड कॉल मात्र मी सकाळी उठून मोजायची. बहुतेक दुपारच्या झोपेआधीचे असत. एकदा परत फोन लावला तर म्हणाले, ‘काही नाही, तिकडे थंडी किती ते विचारायचं होतं.’

परत आल्यावर कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद केले, ई-सिम फोनमधून काढून टाकलं. नानांचं मेमरी कार्ड जागेवर गेलं. ते डच सिम त्यांनी डबीत जपून ठेवलं होतं, शेजारचा मुलगा शिकायला जर्मनीला चाललाय, त्याला द्यायचं म्हणून. त्याला ते उपयोगाचं नाही, हे मला सांगावं लागलं. ही सवलत प्रवाशांसाठी आहे. सिम चार महिने बहुतांश दुसऱ्याच देशात वापरलं गेलं तर कंपनी विचारणा करू शकते आणि जादा दर लावू शकते. त्या मुलानं पासपोर्ट दाखवून तिथलंच सिम घ्यावं. नानांनी डबी बंद केली आणि विचारलं, ‘मग त्यात राहिलेल्या बॅलन्सचं काय?’