उरलेल्या दोन वस्तूंचे आइस्क्रीम

शनिवार, रात्र

संध्याकाळी केलेले मिश्रण अखेर मोरीत ओतून द्यावे लागले आणि त्याची चुटपुट अजून गेलेली नाही, म्हणून झोपण्यापूर्वी लिहून ठेवतो. ताक आणि मळी (साखर कारखान्यातला उसाचा काळपट, दाट द्रव) घालून आइस्क्रीम करायचे, हे बरेच दिवस डोक्यात घोळत होते. व्हॅनिला, चॉकलेट, फळांचे असे नेहमीचे प्रकार घरी पुष्कळदा करून झाले आहेत आणि त्यांत आता हात बसला आहे. नेमका त्या बसलेल्या हातानेच घात केला. सवयीप्रमाणे दूध, क्रीम, साखर, अंड्यातला पिवळा बलक, मळी आणि ताक हे सारे एकाच पातेल्यात घेऊन मंद आचेवर ढवळत बसलो. थोड्याच वेळात कडेला बारीक कणी दिसू लागली आणि पाहता पाहता पातेल्यात एकीकडे तपकिरी चोथा, दुसरीकडे पिवळट पाणी अशी फारकत झाली. गाळून पाहिले, मिक्सरमधून फिरवून पाहिले. चोथा बारीक झाला, एवढेच.

कारण उघड आहे आणि ते मला ठाऊकही होते, हे जास्त लागते. दुधाचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ६.६ असतो; तो ४.६च्या आसपास उतरला की दुधातले केसीन हे प्रथिन पाण्यात विखरून राहू शकत नाही आणि त्याच्या गुठळ्या होतात. आंबट ताकाचा सामू जवळपास तेवढाच असतो. थंड दुधाक्रीमात ताक मिसळले तर ते निमूट मिसळून जाते, पण खाली आच असली की आंबटपणा थोडा कमी असला तरी केसीन दम धरत नाही. त्यात मळीही स्वतः किंचित आंबटच असते. आंबटपणा मारावा म्हणून मध्येच चिमूटभर खायचा सोडा टाकण्याची अवदसाही आठवली; मिश्रण फसफसून वर आले, निम्मे शेगडीवर सांडले आणि उरलेल्याला साबणासारखी चव आली. शेगडी पुसण्यात अर्धा तास गेला.

रविवार, रात्र

आज क्रम बदलला. दूध, क्रीम आणि बलक यांचे कस्टर्ड आधी शिजवून घेतले, ते गार केले आणि मग त्यात ताक घातले. फाटले नाही. पण गोठल्यावर जे हाती आले त्याला आइस्क्रीम म्हणवत नाही. वाटीत घेतले की वरचा थर पाकासारखा ओघळत होता आणि दाताखाली मात्र बर्फाचे खडे येत होते. चव कडवट, वर आंबट. मुलीने एक चमचा तोंडात घेतला, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, ‘‘बाबा, हे बिघडलंय की हे असंच असतं?’’ मी उत्तर दिले नाही, कारण मलाही ठरवता येईना.

खडे कशामुळे आले, हे लगेच समजले. मी घेतलेले ताक म्हणजे दही घुसळून त्यात भरपूर पाणी घातलेले पातळ ताक होते, आणि जे पाणी साखरेने, प्रथिनांनी किंवा स्निग्धांशाने बांधलेले नाही ते गोठताना स्वतःचे मोठे स्फटिक करणारच. बर्फाचे स्फटिक सुमारे ५० मायक्रॉनपेक्षा लहान असतील तोवर जिभेला ते वेगळे जाणवत नाहीत. माझे बहुधा मोजपट्टीने मोजता आले असते.

ओघळण्याचे कारण शोधायला मात्र कागद-पेन्सिल घ्यावी लागली. मळीचा मोह अनावर होऊन मी साखर ६० ग्रॅमवर आणली होती आणि मळी १२० ग्रॅम घातली होती. मळीतली सगळी साखर ही आपली नेहमीची साखर नसते; तिचा बराचसा भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या सुट्या रूपात असतो. साध्या साखरेच्या रेणूचे वस्तुमान ३४२, तर ग्लुकोजचे आणि फ्रुक्टोजचे १८०. म्हणजे तेवढ्याच वजनात जवळजवळ दुप्पट रेणू. आणि पाण्याचा गोठणबिंदू किती खाली जाणार, हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरते, त्यांच्या गोडीवर नव्हे. फ्रीजरच्या उणे १८ अंशांतही ते मिश्रण पुरते घट्ट का झाले नाही, याचा खुलासा या दोन आकड्यांत आहे.

राहिली चव. पातेल्यात चाखताना ती उत्तम होती, हे मी शपथेवर सांगेन. पण थंडीने जिभेची गोडाची जाणीव मंदावते, कडू-आंबट तितके मंदावत नाही. त्यामुळे कोमट असताना जे बरोबर वाटते ते गोठल्यावर एकाच बाजूला कलते. आइस्क्रीमचे मिश्रण गरम असताना थोडे अतिगोडच लागले पाहिजे, हा नियम मी इतर प्रकारांत न चुकता पाळतो. इथे मळीच्या गडद रंगाने भुलवले. गडद म्हणजे पुरेसे गोड, असे मनाने परस्पर ठरवून टाकले.

बुधवार

आज केले काहीच नाही, फक्त मळीची बाटली समोर ठेवून बसलो होतो. मळी म्हटले की बहुतेकांना दारूची भट्टी किंवा जनावरांचे खाद्य आठवते, आणि बाटली उघडल्यावर येणाऱ्या वासात त्याची आठवण आहेही. काकवी ती ही नव्हे. काकवीत उसाच्या रसातली सगळी साखर जागच्या जागी असते. मळी म्हणजे रस आटवून, साखरेचे स्फटिक धरवून, ते यंत्रात गरगर फिरवून काढून घेतल्यावर मागे राहिलेला द्रव. तो पुन्हा आटवतात, पुन्हा साखर काढतात, असे साधारण तीनदा होते. पहिल्या खेपेची मळी फिकी आणि बऱ्यापैकी गोड, दुसरी गडद, तिसरी जवळजवळ काळी आणि कडू. हिलाच ब्लॅकस्ट्रॅप म्हणतात. साखर बाहेर पडत जाते तसतसे रंग, वास, कॅल्शियम, लोह, पोटॅशियम हे सारे उरलेल्यात दाटत जाते. माझ्याकडची बाटली तिसऱ्या खेपेची निघाली. आइस्क्रीमला पहिली किंवा दुसरी हवी, आणि तीही गंधकाची धुरी न दिलेली. गंधकाचा तो चरचरीत वास थंडीतही लपत नाही.

याच विचारात ताकाकडे लक्ष गेले. खरे ताक म्हणजे तरी काय, तर लोणी काढून घेतल्यावर उरलेले. साखर काढून उरते ती मळी, लोणी काढून उरते ते ताक. मी इतके दिवस ज्या दोन वस्तूंच्या मागे लागलो आहे त्या दोन्ही दुसऱ्याच कुठल्या तरी कामातून मागे राहिलेल्या आहेत. आणि माझी फजिती झाली ती मी दोन्ही चुकीच्या घेतल्यामुळे: एक अतिउरलेली आणि दुसरी पाणी घालून वाढवलेली.

लोण्याच्या ताकात दह्याच्या पातळ ताकात नसलेली एक गोष्ट असते. क्रीममधला स्निग्धांशाचा प्रत्येक गोळा एका अतिपातळ वेष्टनात असतो. घुसळताना ती वेष्टने फाटतात, आतला स्निग्धांश एकमेकांना चिकटून लोण्याचा गोळा होतो आणि वेष्टनांचे तुकडे ताकात जातात. त्यांत लेसिथिनच्या जातीचे पदार्थ असतात, जे स्निग्धांश आणि पाणी यांना एकत्र नांदवतात. अंड्याच्या बलकाचे आइस्क्रीममधले एक कामही हेच आहे. म्हणजे ताक आपल्यासोबत मदतनीस घेऊनच येते, आणि मी त्याला पाण्यात बुडवून निरुपयोगी केले होते.

शनिवार, रात्र

काल रात्री ६०० मिलिलिटर क्रीमला दह्याचे विरजण लावून ठेवले होते. आज दुपारी ते थोडे गार करून रवीने घुसळले. लोणी यायला वीस मिनिटे लागली आणि दाटसर, गुळगुळीत, नीटनेटक्या आंबटपणाचे ताक ३०० मिलिलिटरच्या थोडे वर निघाले. त्यात पाण्याचा थेंब घातला नाही.

कस्टर्डचे प्रमाण लिहून ठेवतो, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही. ताजे क्रीम ३५० मिलिलिटर, दूध १५० मिलिलिटर, पाच बलक, साखर ११० ग्रॅम, फिकी मळी ७० ग्रॅम आणि दोन चिमटी मीठ. बलक आणि साखर फेटून त्यावर गरम दूध-क्रीम धार धरून ओतले, परत आचेवर ठेवले आणि थर्मामीटर ८२ अंश दाखवीपर्यंत कालथा थांबू दिला नाही. ८५च्या पुढे बलकाची अंडाभुर्जी होते, तेव्हा या तीन अंशांत फोन आला तरी उचलायचा नाही. पातेले लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवले. निवल्यावर मळी घातली, पूर्ण गार झाल्यावर सर्वांत शेवटी ताक. कस्टर्डचा रंग पिवळ्यावरून फिक्या तपकिरीवर आला आणि कणी कुठेही दिसली नाही. पाच मिनिटे उगाचच पातेल्यात पाहत उभा होतो.

आता मिश्रण झाकून फ्रिजमध्ये आहे. रात्रभर मुरल्यावर त्यातला स्निग्धांश घट्ट होतो, प्रथिने पाणी धरतात आणि उद्या घुसळताना हवा अधिक चांगली टिकते. घाई केली तर चार तासही चालतात. पण या पदार्थाशी घाई करून मी एकदा शेगडी पुसली आहे.

रविवार, दुपार

विजेवर चालणारे यंत्र असूनही आज जुना लाकडी पॉट काढला. आत पत्र्याचा डबा, डब्यात पाते, बाहेरच्या बादलीत बर्फ आणि खडेमीठ, वर फिरवायचा दांडा. नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली अमेरिकेत अशाच हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट घेतले होते आणि मूळ कल्पनेत अजून फारसा फरक पडलेला नाही. तीन वाट्या बर्फाला एक वाटी मीठ हे माझे माप. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता डब्यातून ओढून घेतो. प्रमाण अगदी नेमके असेल तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते.

दांडा फिरवताना जाणवले की काल दुपारचे काम आणि हे काम मुळात एकच आहे. दोन्हीकडे क्रीम घुसळायचेच असते. रवीखाली स्निग्धांशाचे गोळे पूर्ण एकत्र येऊन लोणी व्हावे लागते, तर पॉटमध्ये ते अर्धवटच चिकटावेत, हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे करावे आणि तिथेच थांबावे लागते. म्हणून पॉट जास्त वेळ फिरवणेही धोक्याचे. आइस्क्रीममध्ये लोण्याचे रवे येतात आणि टाळूला मेणचट थर बसतो. पंचविसाव्या मिनिटाला दांडा जड झाला. मुलगी म्हणाली, ‘‘अजून थोडं फिरवू का?’’ मी तिला थांबवले.

पाते बाहेर काढून त्याला चिकटलेले निपटून खाल्ले, कारण डब्यातले अजून तीन तास फ्रीजरमध्ये घट्ट व्हायचे आहे. आधी ताकाचा आंबटपणा, मग गोडी, आणि ती विरत असताना मागून मळीचा भाजल्यासारखा, किंचित कडू वास येतो. मीठ कुठे आहे ते कळत नाही, पण नसते तर कळले असते. व्हॅनिलाइतके हे सर्वांना आवडेल असे मला वाटत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मुलीने या वेळी काही विचारले नाही. पात्याची दुसरी बाजू तिने ताब्यात घेतली होती.

आवरताना फ्रिज उघडला, तर वरच्या कप्प्यात कालच्या ताकातून निघालेला लोण्याचा भलाथोरला गोळा आणि वाटीत पाच अंड्यांचा पांढरा बलक तसाच उरला आहे.