किती महिने?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहा, असं प्राचार्यांचं पत्र आलं, आणि त्या दिवसापासून मी मनाने पत्र्याच्या त्या खोलीत, शनिवारच्या लेखनाच्या तासाला जाऊन बसलो आहे. स्नेहसंमेलनं, वसतिगृहातली आमटी, एन. सी. सी. ची परेड, यांवर बाकीचे मित्र लिहितीलच. मला फक्त तो तास घेणाऱ्या सरांबद्दल लिहायचं आहे.

१९७८ साली मी प्रथम वर्ष कला शाखेत आलो. शाळेत निबंधाला मला नेहमी चांगले गुण मिळत, कारण गाइडातली वाक्यं तोंडपाठ होती. सरांनी पहिला विषय दिला ‘माझे गाव’. मी लिहिलं, ‘डोंगराच्या कुशीत वसलेल्या माझ्या गावाजवळून माण नदी खळखळ वाहते.’ वही परत आली तेव्हा एकही शब्द खोडलेला नव्हता. समासात पेन्सिलीने एवढंच होतं : ‘किती महिने?’

मला काही उमगेना. वही घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभा राहिलो.

“नदीला पाणी किती महिने असतं रे?”

“दिवाळीपर्यंत, सर. पुढं नुसती वाळू.”

“मग तसं लिही. बहात्तरच्या दुष्काळात तू केवढा होतास?”

“बारा वर्षांचा. आई खडी फोडायला जायची. मी धाकटीला सांभाळत तिथंच बसायचो.”

“पुढच्या शनिवारी तेवढंच लिहून आण.”

डोंगर तर आमच्या गावाला मुळातच नव्हता. तो मी खोलीवर गेल्यावर स्वतःच्या हाताने खोडला.

आठवडाभर बसून आठ पानं लिहिली. रेशनवरची लाल मिलो ज्वारी, आईच्या बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या, संध्याकाळी ती पदरात बांधून आणायची ती भाजक्या पिठाची गोड सुकडी. शेवट केला, ‘अशी ही माझी थोर माउली!’ याही वेळी सरांनी काही खोडलं नाही. दोन प्रश्न मात्र होते. खडीपाशी ‘ढीग कसा मोजत?’ आणि सुकडीपाशी ‘कुणाच्या वाट्याची?’

दोन्हींची उत्तरं मला ठाऊक नव्हती. ज्या गोष्टीवर मी आठ पानं लिहिली होती, तीच मला ठाऊक नव्हती! रविवारी पहिल्या एस. टी. ने घरी गेलो. आई जोंधळे निवडत होती. तिने सुपातून मान वर न करता सांगितलं. ढीग चौकोनी रचायचा, कडा नीट बसवायच्या. मग मुकादम टेप लावून लांबी, रुंदी, उंची घ्यायचा. शंभर घनफुटांचा एक ब्रास. पोकळ रचलेला दिसला, की मोडून पुन्हा रचायला लावायचा.

मग सुकडीचं विचारलं. “कामावरच्या बाईला मिळायची ती. माझ्या वाटणीची व्हती. तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी खाल्ली नसती. आन् वर पानी पिलं की भागायचं माझं.”

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून होतो. सहा वर्षं मी ती सुकडी ‘खाऊ’ म्हणून आठवत आलो होतो.

नव्याने लिहिलं ते तीन पानं भरलं. थोर माउली गेली. आईचं बोलणं मात्र मी शुद्ध करून लिहिलं होतं. सरांनी विचारलं, “आई अशी बोलते?” मी नाही म्हटलं. “मग तिच्या तोंडी ‘पानी’च राहू दे. अवतरणाबाहेर तू ‘पाणी’ लिही.” शुद्धलेखनाचे अठराच्या अठरा नियम आमच्याकडून घोटून घेणारे सर हे सांगत होते. माझ्या घरची भाषा वर्गात बसू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी ती तीन पानं नाव न सांगता वर्गात वाचली. मागच्या बाकावर एक मुलगी रडत होती. तिचीही आई खडीवर होती, हे नंतर कळलं.

पुढे जिल्ह्याच्या दैनिकात मी अठ्ठावीस वर्षं वार्ताहर म्हणून काम केलं. २०१३ मध्ये आमच्या भागात चारा छावण्या पडल्या, तेव्हा चाऱ्याचं वजन काट्याशेजारी उभं राहून स्वतः पाहिल्याशिवाय मी एक ओळ पाठवली नाही. लोक बातमीचं कौतुक करत. मला समासातली पेन्सिल दिसे.

चाळीस वह्यांची कापडी पिशवी सायकलला अडकवून सर दर शनिवारी घरी जात. आता मुलांना तयार नोट्स मोबाइलवर मिळतात, समास कोरे राहतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. शनिवारचा तो तास पुन्हा सुरू झाला, तर मी वह्या तपासायला येईन, मानधन नको.

सर गेले तेव्हा मी दौऱ्यावर होतो, अंत्यदर्शनाला पोहोचलो नाही. पहिल्या वर्षाची ती वही अजून माझ्याजवळ आहे. महोत्सवाच्या दिवशी ती मी ग्रंथालयाला देणार आहे. पहिल्या पानावर नदी अजून खळखळ वाहते आहे, आणि शेजारी पेन्सिलीची अक्षरं पुसट झाली असली तरी वाचता येतात.