नाक न चिरलेली गाढवं

लास वेगासहून मराठी मंडळींच्या सहली मिनीबसने नेणं हे माझं काम. सिटग्रीव्ह्ज खिंडीची वळणं उतरून ॲरिझोनातल्या ओटमनला पोचलो, तर भर रस्त्यात एक गाढवीण आडवी उभी. पोटाशी शिंगरू पीत होतं. मागे गाड्यांची रांग लागली, पण हॉर्न कुणी वाजवला नाही. मीही इंजिन बंद करून गावाची माहिती सांगू लागलो.

१९१५ च्या सुमाराला इथे सोन्याची मोठी शीर लागली. खाणवाल्यांचं ओझं गाढवांनी वाहिलं. १९४२ मध्ये युद्धापायी सरकारने सोन्याच्या खाणी बंद करायला लावल्या, माणसं पांगली. खाणवाल्यांनी डोंगरात सोडून दिलेल्या गाढवांचीच ही पिलावळ. १९७१ च्या कायद्यामुळे आता त्यांना सरकारी परवानगीशिवाय कुणी पकडू किंवा इजा करू शकत नाही. दिवसा गावात उतरायचं आणि दुकानांपुढे रेंगाळायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. आज हे गाव बरंचसं त्यांच्यावरच जगतं.

बोलण्याच्या नादात मी दार उघडलं आणि सूचना द्यायची राहिली. ही चूक माझीच. एक मुलगा गाजर घेऊन थेट शिंगराकडे धावला. शिंगराच्या कपाळावर, मला काही भरवू नका, अशा अर्थाचा स्टिकर होता. दूधपित्या शिंगराच्या घशात गाजर अडकू शकतं.

"मागं हो! कान पाडल्यात तिनं!" सहलीतले तात्या ओरडले आणि पोराला दंडाला धरून खेचलं. त्याच क्षणी लाथ बसली ती बसच्या पत्र्यावर. बोटभर खोल पोचा पडला. तो पत्रा पोराच्या छातीच्या उंचीवर होता. माझे हात कापत होते.

तात्या जेजुरीकडचे कुंभार. गाढविणीला शांत होऊ दिलं, मग लांबूनच तिचं तोंड न्याहाळत राहिले.

"नाक बघ तिचं. चिरलेलं न्हाई."

मला कळेना.

"आमच्यात नाकपुड्या चिरत्यात. वझं वाहताना दम लागू नये म्हनून. म्या बी चिरल्यात, माझ्या हातानं."

पुढे ते काही बोलले नाहीत. लाकडी फुटपाथवर बसून राहिले.

दुपार कलली तशी गाढवं एकेक करून डोंगराकडे निघाली. मी सगळ्यांना बसमध्ये बसवलं, तात्यांना हाक मारली.

"थांब जरा," ते म्हणाले. "ती लेकराला घिऊन वर जाऊ दे."

मी थांबलो.