तुम्ही विचारलंत म्हणून: पेटी आणि कंबर

"काका, तास-तास मांडी घालून पेटी वाजवता, कंबर धरत नाही?" बडोद्याच्या दांडिया बाजारात कुठल्याही भजनाला गेलो की चहाच्या वेळी हा प्रश्न ठरलेला.

धरायची. चांगली दोन वर्षं धरली होती. दुखणं मणक्यावर नव्हतं. डाव्या अंगाला, शेवटच्या बरगडीच्या खाली, आत कुठेतरी. शिंक आली की आधी भिंत धरायची. एक्स-रे स्वच्छ, तरी मी 'गादी सरकली' असंच सांगत फिरायचो. मोठ्या दुखण्याला मान असतो.

कारण पहिल्यांदा दिसलं ते शिंप्याला. रावपुऱ्यात नवा झब्बा घालून बघताना म्हणाला, "काका, डाबी बाजु ऊंची छे." घेर डावीकडे बोटभर वर. मी त्याच्या शिवणीला नावं ठेवली. त्याने माझाच जुना झब्बा घालायला लावला, तोही तसाच.

पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी पेटी वाजवताना बसतो तसं बसायला सांगितलं. डावा हात भात्यावर, सगळा भार उजव्या कुल्ल्यावर, डावी कंबर उचललेली. रोज तीन तास! तो आखडलेला स्नायू म्हणजे क्वाड्रेटस लम्बोरम. बाराव्या बरगडीपासून आणि कमरेच्या मणक्यांपैकी वरच्या चारांच्या बाजूंपासून थेट कमरेच्या हाडापर्यंत, दोन्ही अंगांना एकेक. बाजूला वाकणं, कंबर एका बाजूने उचलणं ही त्याची कामं. पाठीच्या जाड स्नायूंच्या आत दडलेला, म्हणून माझ्या बामच्या बाटल्या फुकट गेल्या. कळ कुल्ल्यातही उतरते, त्यामुळे माणूस भलत्याच जागी चोळत बसतो.

मी नातवाचा टेनिसचा चेंडू पळवला. भिंतीला पाठ लावून तो बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधल्या मऊ जागेत धरायचा. मणक्यावर नाही, बरगडीवर नाही. तिथे वर मूत्रपिंड आहे, जोर दाखवायची जागा नव्हे. दुखरा ठिपका सापडला की अंगाचा थोडाच भार द्यायचा आणि अर्धा मिनिट सावकाश श्वास सोडायचा. हा स्नायू श्वास घेताना शेवटची बरगडी धरून ठेवतो, त्यामुळे श्वास कोंडून दाबलं तर तो आणखीच ताठतो. मग बालासन, म्हणजे टाचांवर बसून पुढे वाकायचं, दोन्ही हात उजवीकडे सरकवून, म्हणजे डावी बाजू ताणली जाते. पाच-सहा श्वास. रात्री गरम पाण्याची पिशवी. ठणका गेल्यावर गुडघे टेकवून कुशीवरचा प्लँक, म्हणजे कोपरावर भार देऊन कंबर उचलून धरायची, दहा-दहा सेकंद; नुसतं ताणून भागत नाही, ताकदही लागते.

पण खरा फरक पडला तो बैठक बदलल्यावर. ढुंगणाखाली घट्ट उशी, म्हणजे गुडघे खाली राहतात आणि भार दोन्हीकडे सारखा पडतो. दोन अभंगांच्या मध्ये उठून चार पावलं. सकाळी कमाटीबागेत एक फेरी.

पाय बधिर होत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, किंवा ताप येऊन लघवीला जळजळत असेल तर चेंडू ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो प्रकार वेगळा.

परवा एका बैठकीला उशी घरीच राहिली. तबलजीकडे जादा चुंबळ होती, ती मागितली. दिली नाही त्याने.