स्टेलनबॉश: डच म्हणून आले, आफ्रिकेचे झाले

केप टाउनहून स्टेलनबॉशला गेलो आणि अख्खी दुपार डॉर्प स्ट्रीटवरच गेली. दोन्ही बाजूंना जुने ओक, कडेने वाहणारे पाण्याचे पाट आणि चुन्याने रंगवलेली बैठी घरं. ॲमस्टरडॅमची उंच, अरुंद, एकमेकांना चिकटलेली घरं इथे औषधालाही नाहीत. जागा मुबलक, म्हणून घरं आडवी पसरली. भिंती जाड, वर गवताने शाकारलेलं छप्पर. दारावर भिंत चढवून काढलेला वळणदार माथा तेवढा हॉलंडची ओळख सांगतो.

डच ईस्ट इंडिया कंपनीला इथे देश वसवायचाच नव्हता. १६५२ मध्ये तिने केपला ठाणं घातलं ते आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी, मांस, पाणी मिळावं म्हणून. १६५७ पासून काही नोकरांना मोकळं करून शेतीला जमिनी दिल्या. पण पीक कंपनीलाच विकायचं, तेही तिच्याच भावाने! त्यात गव्हर्नर विलेम आद्रियान फान डर स्टेल स्वतःच मोठा जमीनदार होऊन बसला. १७०६ मध्ये ॲडम टास आणि इतर शेतकऱ्यांनी, एकूण ६३ जणांनी, त्याच्याविरुद्ध तक्रारअर्ज केला. टास तुरुंगात गेला खरा, पण पुढच्याच वर्षी कंपनीला गव्हर्नर परत बोलवावा लागला.

त्याच १७०७ मध्ये, याच गावात, हेंड्रिक बिबॉ नावाच्या पोराने गिरणीपाशी दंगा केला. अधिकाऱ्याने छडी उगारली तेव्हा तो ओरडला, मी आफ्रिकानर आहे, इथून जाणार नाही! बाप जर्मन, राज्य डच कंपनीचं, आणि पोरगा स्वतःला आफ्रिकेचा म्हणवतो. मला हा क्षण त्या तक्रारअर्जाहून मोठा वाटतो.

मात्र ही ‘इथली’ माणसं एकट्या गोऱ्यांनी घडवली नाहीत. जमीन खोईखोईंची, म्हणजे इथल्या मूळच्या गुरं पाळणाऱ्या लोकांची होती. राबणारे गुलाम मादागास्कर, इंडोनेशिया, बंगाल, मलबारहून आणलेले. डचमधून निघालेली आफ्रिकान्स भाषा त्यांच्या तोंडात घडली, स्वयंपाकघरं त्यांच्या हातांनी चालली. रात्री बोबोटी खाल्ली: खिम्यावर अंड्याचा थर, आत हळद, मसाला, मनुका, सोबत पिवळा भात. हॉलंडच्या कुठल्या आजीने हे रांधलं असतं? गाव वसवणाऱ्या सिमोन फान डर स्टेलची, म्हणजे त्या गव्हर्नरच्या बापाची, आजी मोनिका स्वतः गुलामगिरीतून सुटलेली भारतीय बाई होती. ती गोव्याकडची असं सांगतात. गावाला नाव मात्र सिमोनचं.