राहून गेलेले सामान

एजियन समुद्रात उन्हाळ्याच्या दिवसांत मेल्टेमी नावाचा वारा सुटतो, आणि तो फार चढला की ग्रीसमधल्या अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून बेटांकडे जाणाऱ्या बोटी बंद ठेवतात. माझी बोटही अशीच रद्द झाली. एरवी अथेन्सचा प्रवासी पिरेयसला येतो तो केवळ बोट पकडण्यापुरता आणि माझा बेतही त्याहून वेगळा नव्हता. पण आता अख्खा दिवस हाताशी होता, म्हणून बॅगा हॉटेलात टाकून मी तिथल्या पुराणवस्तुसंग्रहालयाची वाट धरली.

तिथल्या ब्राँझच्या देवांची बोटही चुकलेलीच होती. १९५९ साली रस्त्याखाली नळ टाकण्यासाठी खणताना कामगारांना ते सापडले. अपोलो, अथीना आणि दोन आर्टेमिस या ग्रीक देवतांचे हे पुतळे बंदराजवळच्या एका गोदामात बहुधा जहाजावर चढवण्यासाठी ठेवलेले होते, आणि इ.स.पू. ८६मध्ये रोमन सेनापती सुल्लाने पिरेयस जाळले तेव्हा ते ढिगाऱ्याखाली गेले, असे अभ्यासक मानतात. ब्राँझ वितळवता येते, त्यामुळे ग्रीकांचे बहुतेक धातूचे पुतळे पुढच्या काळात भट्टीत गेले. हे वाचले ते गाडले गेल्यामुळे.

अपोलोसमोर मी बराच वेळ उभा होतो. मान किंचित झुकलेली, केसांच्या बटा खांद्यांवर आलेल्या. डाव्या मुठीत एके काळी धनुष्य आणि उजव्या हातावर अर्घ्याचे पात्र असावे. ते आता तिथे नसल्यामुळे तो उताणा तळहात पाहताना, देवच पुजाऱ्यापुढे तीर्थ घ्यायला उभा राहिला आहे, असे मला वाटत राहिले.

संग्रहालयाला लागूनच इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या नाट्यगृहाचे अवशेष आहेत. दगडी आसनांच्या मोजक्या ओळी उरल्या आहेत आणि भोवतालच्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून वाळत घातलेल्या चादरी त्यांच्याकडे बघत असतात. जवळच्या झेआ बंदराकाठी युद्धनौका ओढून ठेवण्यासाठी १९६ शेड होत्या. त्यांतल्या काहींचे पाये आता एका रहिवासी इमारतीच्या तळघरात आहेत. वर संसार, खाली आरमार! पिरेयसचा संगमरवरी सिंह मात्र इथे राहिला नाही. १६८७मध्ये व्हेनिसचा सेनापती मोरोसिनी याने तो व्हेनिसला नेला आणि तो आजही तिथल्या आरमारी गोदीच्या दारात बसून आहे.

संध्याकाळी धक्क्यावर परतलो, तेव्हाही वारा पडला नव्हता, आणि सकाळीही तिथेच दिसलेल्या एक आजीबाई आपल्या खोक्याची सैल झालेली दोरी पुन्हा आवळत होत्या.