जर्मनचा गंज आणि काळी माती

‘आता साठीत ब्रश धरून काही येईल का? आणि आमच्या खेड्यात काढण्यासारखं आहे तरी काय?’ हे दोन प्रश्न नेहमी जोडीनेच येतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे: रवींद्रनाथ टागोरांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन १९३० साली पॅरिसला भरलं, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

चुलीजवळचा जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, घ्या. तो चाळीस वर्षं रोज पाहिलेला असतो, आणि अवघड जातो तो त्यामुळेच. तोंड गोल आहे हे माहीत असतं, म्हणून हात ते गोलच काढतो. समोर बसून पाहिलं तर ते चपटं, लंबगोल दिसतं. बूड जमिनीवर टेकलंय हेही माहीत असतं, म्हणून खाली सरळ रेघ येते. तीही चूकच. बूड नजरेच्या जास्त खाली असतं, त्यामुळे त्याचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा थोडा जास्त हवा. हात ताठ लांब करून पेन्सिल धरा, एक डोळा मिटा, आणि तोंडाची उंची त्याच्या रुंदीत किती वेळा बसते ते मोजा. आठवडाभर एवढंच. रंगाची घाई नको.

सामान थोडं आणा, पण कागदावर काटकसर करू नका. जलरंगाला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद लागतो. शाळेच्या ड्रॉइंग वहीचं पान पाण्याने फुगतं, खोलगट भागात रंग साचतो, आणि माणसाला वाटतं आपलाच हात वाईट. मोठा कागद कापून लहान तुकडे करा, चारही बाजूंनी चिकटपट्टीने फळीवर बसवा. ६ आणि १० नंबरचे गोल ब्रश पुरतात. रंग चारच: अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि एखादा लाल. काळ्या रंगाची ट्यूब मी तरी घेऊ देणार नाही.

कारण आपली काळी माती काळी नसतेच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की खोल करडा रंग तयार होतो. पावसानंतरच्या ढेकळाला तो दाट लावा, निळा थोडा जास्त. उन्हाळ्यातल्या भेगाळलेल्या वावराला पाणी वाढवा, सिएना वाढवा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खडबडीत खळग्यांत बसतात, त्यामुळे मातीचा रवाळपणा आपोआप येतो.

फुटलेल्या बोंडाचं उलटं आहे. कापूस रंगवायचाच नाही. तिथे कागद कोरा सोडायचा आणि मागची पऱ्हाटी (कपाशीची झाडं), धुऱ्याची म्हणजे बांधाची सावली गडद करायची. बोंडाच्या सावलीकडच्या बाजूला अगदी पातळ निळसर करडा लावला की गोलाई आली. सगळा कापूस पांढराशुभ्र ठेवला तर तो कागदाला पडलेल्या भोकासारखा दिसतो.

आता आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात अकोल्याला, चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो. रंगाचा हात अर्धा फिरेपर्यंत पहिली कड वाळते आणि रेघ उमटते. मग घाबरून माणूस ओला ब्रश परत फिरवतो. अर्धवट वाळलेल्या रंगात जास्तीचं पाणी शिरलं की ते रंगाला ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखा डाग पडतो. तो पुसायला जाऊ नका, आणखी पसरतो. कागद लावण्याआधी दोन्ही बाजूंनी भिजवून घ्या आणि सकाळी नऊच्या आत आटपा. कूलरच्या झोतासमोर तर बसूच नका, हवा लागते ती बाजू आधी सुकते. पावसाळ्यात चिंता वेगळी: कागदाला बुरशी धरते आणि तिथे रंग डागाडागांनी शोषला जातो. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा.

डोळ्यांबद्दल कुणी विचारत नाही, पण साठीनंतर खरा प्रश्न तोच. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. निळा मंद दिसतो, गडद निळा आणि काळा वेगळे कळत नाहीत. म्हणून पॅलेटवर प्रत्येक खणाशी रंगाचं नाव लिहा, आणि पिवळ्या बल्बखाली रंग ठरवू नका.

वाचायच्या चष्म्याने मात्र एक फायदा होतो. तो लावून समोरच्या घराचं कवेलूंचं छप्पर पाहा. कवेलू दिसेनासे होतात, उरतो एक तांबूस उजेडाचा पट्टा आणि वळचणीखालचा अंधार. ते दोनच आकार आधी रंगवा. वाळले की चष्मा काढून पाहा, आणि वळचणीच्या कडेला पाच-सहा कवेलू काढा, सगळे नाही.